फुडचं बघायला दोघं लागतात

आमच्या कारखान्यात ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द पहिल्यांदा आला तो पुण्याच्या एका सल्लागाराच्या तोंडून. त्याआधीची सात वर्षं आम्ही त्याच कामाला ‘फुडचं बघणं’ म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. शब्द त्याचा. मी सांगलीच्या गावभागात वाढलेला, माझ्या तोंडात ‘पुढचं’ बसलेलं. पण धंद्याचा विषय निघाला की मीही “चल, जरा फुडचं बघू” असंच म्हणायला लागलो होतो. अजूनही एखाद्या मीटिंगमध्ये ते तोंडातून निघून जातं आणि समोरचे तरुण इंजिनियर एकमेकांकडे बघतात.

आमची ओळख डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातली. तो आटपाडीच्या बाजूचा, मेंढपाळाच्या घरातला. कॉलेजात आलेला घरातला पहिलाच. होस्टेलच्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असायची, म्हणून मी त्याला घरी जेवायला आणायचो. आई वाढताना म्हणायची, “लाजू नकोस रे, घे अजून एक पोळी.” तो म्हणायचा, “लाजत न्हाई आवं काकू. भाकरीची सवय हाय, पोळ्या किती झाल्या त्ये कळंनाच.” आई हसत हसत आणखी दोन टाकायची.

वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा तुकडा हातात मिळाला की आम्ही बाकीचे लगेच लेथवर लावून कापायला सुरुवात करायचो. हा दहा मिनिटं नुसता तो तुकडा हातात फिरवत बसायचा. सर ओरडायचे. एकदा मी विचारलं, “अरे, बघतोयस तरी काय?”

“शेवटाला ह्याला धरायचं कुठं, त्ये बघतोय,” तो म्हणाला. “सगळ्या बाजू घासून गुळगुळीत केल्या, आन शेवटचा कट माराय धरायला जागाच न्हाई ऱ्हायली, तर काय करशील?”

त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांचं नेमकं तेच झालं. माझंही.

त्याचे वडील दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणच्या बाजूला उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. मी एकदा त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा त्यांच्याशी बोलत बसलो. मला उत्सुकता होती की एवढे दिवस, एवढे जीव घेऊन कुठून कसं जायचं हे ते ठरवतात कसं. म्हातारा म्हणाला, “ठरवाय काय येतंय रं? इचारायचं. बाजारात जो भेटल तेला इचारायचं. तिकडं पाऊस कवा थांबला, कुणाचं रान मोकळं हाय, कुणाकुणाची औंदा भांडणं झाल्यात. लय इचारायचं आन मग चालायला लागायचं. वाटंत पुन्ना इचारायचं.” मी ते ऐकून विसरून गेलो. त्याच्या मुलाच्या मात्र ते अंगातच होतं.

डिप्लोमानंतर पाच वर्षं दोघांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी नोकरी केली आणि मग कुपवाडला एक शेड भाड्यानं घेतलं. दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन, आणि आम्ही दोघं. मी बाहेर फिरून काम आणायचो, तो मशीनवर असायचा. पहिल्या वर्षी जे मिळेल ते काम केलं. बोल्ट, बुश, कुणाचा मोडलेला शाफ्ट. दिवसभर मशीन चालायचं आणि मला वाटायचं, छान चाललंय.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक मोठं काम चालून आलं. साधे बोल्ट, पण रोज हजारोंनी. दोन्ही लेथ सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरून राहिले असते. मी खूश होऊन आलो. तो चहाच्या टपरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “न्हाई म्हणून सांग.”

“वेडा आहेस का? मशीन रिकामी आहेत आठवड्यातले दोन दिवस.”

“म्हणूनच. त्या दोन दिसांत मी व्हॉल्व्हचे पार्ट शिकतोय. बोल्ट केलं तर फुडच्या साली बी आपण बोल्टच करत असू. बोल्ट काय, कोन बी करतंय.”

आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी मी जाऊन नाही म्हणून आलो. सहा महिन्यांनी मिरजेच्या एका कारखानदारानं आम्हाला व्हॉल्व्हचं पहिलं काम दिलं. त्या दिवशी मला कळलं की धंद्यात कोणतं काम घ्यायचं हे ठरवण्यापेक्षा कोणतं सोडायचं हे ठरवायला जास्त छाती लागते. पण ती छाती माझी नव्हती, त्याची होती. हे मला त्या दिवशी कळलं नाही.

महाबळेश्वरला जायची कल्पनाही त्याचीच. तो म्हणाला, “हितं बसून डोकं चालत न्हाई. मशीनचा आवाज जरा बदलला की तू उठतोस, न्हाईतर मी उठतोय.” त्याचा एक चुलतभाऊ तिकडं टॅक्सी चालवायचा. ऐन पावसाळ्यात तिथं हॉटेलं ओस पडलेली असतात, अर्ध्याहून कमी भाड्यात खोली मिळते, असं तो सांगत होता. जुलैत आम्ही साताऱ्यापर्यंत मोटारसायकलवर गेलो, एका ओळखीच्या घरी ती लावली आणि एसटीनं वर चढलो.

तिथला पाऊस काही औरच. खिडकीबाहेर दोन हातांवरचं झाड दिसत नव्हतं. खोलीत पांढरं धुकं शिरायचं, गाद्यांना बुरशीचा वास, आणि घातलेले कपडे दोन दिवस ओलेच. हॉटेलात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आचाऱ्यालाही कंटाळा आलेला, तो दर तासाला न सांगता चहा आणून द्यायचा. आम्ही जुन्या कॅलेंडरची मोठी पानं सोबत नेली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो आणि पलंगावर पसरून ठेवायचो.

त्याची पद्धत साधी होती. मी काहीही म्हटलं की तो उलट बाजू घ्यायचा. त्याला पटलेलं असलं तरी. मी म्हणायचो, नवीन मशीन घेऊ. तो म्हणायचा, नको. मी कारणं द्यायचो, तो एकेक कारण हातात घेऊन लोखंडाच्या तुकड्यासारखं फिरवून बघायचा. दुपारनंतर तो बाजू बदलायचा. आता तो म्हणायचा, मशीन घ्यायचंच, आणि मी विरोध करायचो. संध्याकाळपर्यंत आमच्या दोघांचाही घसा बसायचा, पण काय करायचं ते दोघांनाही स्पष्ट दिसलेलं असायचं. मग आम्ही रेनकोट घालून बाजारात जाऊन गरम मक्याचं कणीस खायचो आणि त्या विषयावर एक शब्दही बोलायचो नाही.

मग दर जुलैला जायला लागलो, आणि तिथंच एका वर्षी आम्ही एक नियम केला. मोठा निर्णय दोघांनी मिळूनच घ्यायचा. एकाला पटलं नाही तर थांबायचं, कितीही घाई असली तरी. हा नियम मीच सुचवला होता, कारण मला भीती होती की एखाद्या दिवशी तो मला न विचारता एखाद्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून येईल.

सहाव्या वर्षापर्यंत आमच्याकडे स्वतःचं शेड होतं, संगणकावर चालणारी चार मशीन होती, बावीस माणसं होती. त्या वर्षीच्या महाबळेश्वरात आमचं पहिल्यांदा जमलं नाही.

त्याच्या डोक्यात द्राक्षं होती. पलूस, तासगावकडचे बागायतदार आमच्या दारात यायला लागले होते. ट्रॅक्टरला जोडून औषध फवारायचं जे यंत्र असतं, ज्याला सगळे ब्लोअर म्हणतात, त्याचा पंप ऐन हंगामात बंद पडला की सुटे भाग मिळायचे नाहीत. ढगाळ हवेत दोन दिवस फवारणी चुकली की बाग गेली. तो त्यांना पार्ट करून द्यायचा, बहुतेक वेळा हातातलं काम बाजूला ठेवून. आता त्याला तो पंप आपला आपणच बनवायचा होता. आपल्या नावाचा.

माझ्या डोक्यात पुणं होतं. गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी एक मोठी कंपनी आमच्याकडे चौकशी करत होती. एकच पार्ट, पण वर्षानुवर्षं. मी कॅलेंडरच्या पानावर आकृती काढून दाखवली की पाच वर्षांत आपण कुठं असू.

“आन त्येनी उद्या न्हाई म्हणलं तर?” तो म्हणाला.

“का म्हणतील? आपण चांगलं काम करू.”

“चांगल्या कामाचा काय संबंध? त्येंची वाट बदलली तर आपण चांगलं करून काय करणार? शंभर शेतकरी एकदम न्हाई म्हणत न्हाईत गड्या. एक सायेब म्हणतो.”

या वेळी तो उलट बाजू म्हणून बोलत नव्हता. दोन दिवस संपले तरी आम्ही एका जागी आलो नाही. शेवटी ठरलं की निम्मी मशीन कंपनीला, निम्मी पंपाला, आणि दिवाळीनंतर पुन्हा बघू. एसटीत उतरताना तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मला वाटलं, सुटला प्रश्न.

दिवाळीच्या आधीच पुण्याहून बोलावणं आलं. मी एकटाच गेलो, कारण त्याचा पहिला पंप चाचणीला लागला होता. दुपारी त्यांच्या ऑफिसातून मी त्याला फोन करून ड्रॉइंगवरचं एक माप विचारलं आणि त्यानं लगेच सांगितलं. तासाभरानं खरेदीचे प्रमुख म्हणाले, “आम्हाला तुमचं काम आवडलं. पण निम्मी मशीन नकोत, सगळी हवीत. दुसरं कुणाचं काम त्यावर घ्यायचं नाही. आणखी चार मशीन लावायची. आम्हाला आजच सांगा, दुसरे एक जण बाहेर थांबलेत.”

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन फोन काढला. त्याचं नाव स्क्रीनवर आणलं. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार. तो म्हणणार होता, “आजच सांगा म्हणतोय तेला आजच न्हाई म्हण.” आणि मला हेही ठाऊक होतं की त्यानं तसं म्हटलं तर मला थांबावं लागेल. मी फोन खिशात ठेवला, आत गेलो आणि हो म्हणालो. प्रमुखांनी उठून हात मिळवला. माणूस चांगला होता, त्याचा यात काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा तो पंपाचं झाकण उघडून बसला होता. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं हात पुसले.

“फोन न्हाई केलास?”

“रेंज नव्हती रे तिथं,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “बरं.” आणि पंपाचं झाकण परत बसवायला लागला. एकेक बोल्ट, सावकाश.

भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. पुढचे सात महिने त्यानं नवीन मशीन बसवली, माणसं तयार केली, पार्ट धरायचे साचे असे केले की कंपनीचे इंजिनियर बघायला आले. सगळं मार्गी लागल्यावर एका सकाळी तो म्हणाला, “मी आता पलूसला जातोय. तिथं एक जागा बघितलीया. पंप करीन म्हणतोय.” वाटणीत त्यानं पहिले दोन जुने लेथ मागून घेतले. मी म्हणालो, नवं एखादं मशीन ने. तो म्हणाला, “माझ्या कामाला हेच बरं पडत्यात.” टेम्पोत लेथ चढवताना मी हात लावायला गेलो, तर ऑपरेटर पोरांनीच त्याला गराडा घातला होता. मला जागाच मिळाली नाही.

मग माझी चांगली वर्षं आली. ती चांगली नव्हती असं मी म्हणणार नाही. साठ माणसं झाली, दुसरं शेड झालं, काचेची मीटिंग रूम झाली. उद्योजकांच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलवायला लागले. मी सल्लागार नेमला. त्यानं भिंतीवर पांढरा फळा लावला आणि आमच्याकडून ध्येय, उद्दिष्टं, बळ आणि उणिवा लिहून घेतल्या. उणिवांच्या रकान्यात ‘एकच गिऱ्हाईक’ असं कोणीतरी लिहिलं. मी म्हणालो, “ही उणीव नाही, हे आपलं नातं आहे.” सगळे हसले, आणि ते पुसलं गेलं.

एका वर्षी मी अधिकाऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलो. या वेळी मोठं रिसॉर्ट, गरम हवेचे हीटर, कोरडे टॉवेल. पडद्यावर एकेकानं आपापलं सादरीकरण दिलं. मी मुद्दाम एक चुकीची गोष्ट म्हणालो. म्हणालो, पुढच्या वर्षी आणखी सहा मशीन एकदम घेऊ. कुणीतरी म्हणेल, साहेब, कशाला? मी वाट बघत राहिलो. उत्पादनवाल्यानं मान डोलावली. हिशेबनीस म्हणाला, “करता येईल, सर.” सल्लागारानं ते फळ्यावर लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी छत्री घेऊन बाहेर पडलो. आमचं जुनं हॉटेल शोधत बराच चाललो. ते होतं, पण रंग बदलला होता. दार बंद. मी छपराखाली उभा राहिलो. भर पावसात, इतक्या माणसांना सोबत घेऊन येऊनसुद्धा मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. माझ्याशी कोणी वाद घालावा, एवढंच हवं होतं. “असं न्हाई गड्या,” असं कोणीतरी म्हणावं. मी त्या दिवसांत गाडीत एकटा असलो की त्याच्या बाजूनं बोलून बघायचो. पण त्याच्या बाजूनंही शेवटी मीच बोलत असायचो, त्यामुळे मीच जिंकायचो.

नंतर कंपनीचा मेल आला. भाषा सभ्य होती. गाड्या बदलतायत, विजेवर चालणाऱ्या येतायत, हा गिअरबॉक्स दीड वर्षात बंद होईल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. मी तो तीनदा वाचला. मग कोणालाही न सांगता गाडी काढली आणि पलूसला गेलो.

त्याचं शेड रस्त्यालाच होतं. दारात चार-पाच ट्रॅक्टर उभे, चिखलाचे बूट घातलेले शेतकरी, औषधाचा उग्र वास. तो उकिडवा बसून एका पंपाला कान लावून ऐकत होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला. “ये की,” म्हणाला, जसा मी परवाच येऊन गेलो होतो. हातातलं काम होईपर्यंत त्यानं मला खुर्चीवर बसवून ठेवलं. त्याच्या बायकोनं ताक आणून दिलं, घरची चौकशी केली, आई कशी होती शेवटी ते विचारलं. आई गेली तेव्हा तिच्या दिवसांना तो येऊन गेला होता. मी अस्थी सोडायला गावाबाहेर गेलो होतो, तेवढ्या वेळात.

शेवटी तो हात धुऊन माझ्यासमोर बसला. मी मेलचं सांगायला आलो होतो, पण तोंडातून दुसरंच निघालं.

“त्या दिवशी रेंज होती,” मी म्हणालो.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “त्याच हापिसातनं तासाभर आधी तू मला माप इचारलंतंस.”

इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“काय बोलायचं? तुला माझं मत ठावं हुतं, म्हणून तू न्हाई इचारलंस. मत ठावं असताना इचारत न्हाई त्या माणसाला मग सांगून काय उपेग?” तो रागानं बोलत नव्हता. “लय वाईट वाटलं रं मला. ऑर्डरीचं न्हाई. ऑर्डर कदाचित तुझीच बरोबर बी असती. कुणाला ठावं.”

मग मी मेल दाखवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला. आजवर मला अशा वेळी लोकांनी धीर दिला होता. त्यानं नाही दिला. विचारलं, “पोरं किती हायत आता?”

“साठ. सुपरवायझर आहेत, माल तपासायला एक बाई आहे.”

“सुट्टीच्या दिवशी येतो. सुपरवायझर लोकान्ला बोलावून ठेव. आन जी तपासणीला बाई हाय म्हणतोस, तिला बी.”

तो आला. आधी तासभर शेडमधून एकटाच फिरला. मशीनवरून हात फिरवला, त्यानंच केलेले साचे उचलून बघितले. मग काचेच्या खोलीत न बसता सगळ्यांना शेडमध्येच खुर्च्या मांडायला लावल्या. मला म्हणाला, “तू तिकडं मागं बस. आन बोलू नको.”

त्यानं स्वतःही काही सांगितलं नाही. फक्त विचारत गेला. ह्या मशीनवर आणखी काय होईल? कुणाच्या पाहुण्याचा कुठं कारखाना आहे? तुमच्याकडं कोण काय विचारायला येतं, आणि तुम्ही त्याला नाही म्हणता? पहिला अर्धा तास सगळे माझ्याकडे चोरून बघत होते. मग तपासणीची बाई बोलली. ती आमच्याकडे नऊ वर्षं होती आणि मी तिच्याशी मापांशिवाय कधी काही बोललो नव्हतो. ती म्हणाली, “हळदीच्या पॉलिशची यंत्रं करणारे दोघं जण दोनदा येऊन गेले. कंपनीशिवाय कुणाचं घ्यायचं नाही म्हणून मीच परत पाठवलं.” एक सुपरवायझर म्हणाला, त्याचा मेव्हणा हायड्रॉलिकच्या कामात आहे, त्याला माणूस मिळत नाही. दुसरा म्हणाला, “साहेब, हे बंद होणार हे आम्ही वर्षभर बोलतोय जेवणाच्या सुट्टीत. तुम्हाला सांगायला धाडस झालं नाही.”

मागच्या खुर्चीवर बसून मी ते ऐकलं.

संध्याकाळपर्यंत एक आराखडा उभा राहिला. तीन वेगवेगळी कामं धरायची, कुठल्याच एका गिऱ्हाइकाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मशीन द्यायची नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी असं बसायचं. सगळे गेल्यावर मी त्याला म्हणालो, “परत ये. अर्धा हिस्सा तुझा. नाव बदलायचं तर बदलू.”

तो गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. “न्हाई जमायचं,” तो म्हणाला. “तिथं चौदा घरं हायत माझ्यावर. आन खरं सांगू का, तुझ्याबरबर परत बसलो तर मी सारखा बघत बसीन, ह्यो आज मला इचारतोय का न्हाई. तसं कसं काम हुईल?”

तो गेला. मी अडवलं नाही.

पुढची दोन वर्षं कठीण होती. अठरा माणसांना मला सोडावं लागलं. प्रत्येकाच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं, त्यांतल्या अकरा जणांना कुपवाडमध्येच दुसरीकडे काम लागलं. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहायचा अधिकार मला नाही. दुसरं शेड भाड्यानं दिलं. आता आम्ही हळदीच्या यंत्रांचे भाग करतो, हायड्रॉलिकचे ठोकळे करतो, आणि पलूसच्या पंपांची बॉडी करतो. हो, त्याच्याच. त्यानं तीन ठिकाणचे भाव मागवले, आमचा माल दोनदा परत पाठवला, आणि तिसऱ्यांदा पसंत केला. ड्रॉइंगवर त्याची सही असते. माल न्यायला त्याचा माणूस येतो.

दर तीन महिन्यांची बैठक आम्ही चुकवत नाही. तपासणीची बाई आता उत्पादन बघते. ती माझ्याशी वाद घालते, चांगला घालते. मी तिचा ऋणी आहे. पण ती मला सर म्हणते. वाद कितीही रंगला तरी शेवटी ती थांबते आणि मी थांबत नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं. ज्याच्यापुढे मलाही थांबावं लागायचं, त्याची जागा मीच एका पॅसेजमध्ये पाच मिनिटांत रिकामी केली.

गेल्या महिन्यात त्याचा माणूस आजारी होता, म्हणून माल न्यायला तो स्वतःच टेम्पो घेऊन आला. खोकी चढेपर्यंत आम्ही दारातल्या कडुनिंबाखाली उभे होतो. त्याची मुलगी इंजिनियर होऊन त्याच्याच शेडमध्ये लागली आहे, हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, “पोरगी म्हणत्या, नाशिकला पंप पाठवूया. तिथं एक मोठा डीलर हाय, सगळा माल घेतो म्हणतोय. मी न्हाई म्हणलोय, पर मला बी कळंना झालंय. तुला काय वाटतंय?”

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच माझं मत विचारलं होतं. मी म्हटलं, “मला नाही पटत. पाठव, पण सगळा माल एकाला नको. आणि मुलीला एक हंगाम तिकडं राहून बघू दे आधी.”

“ती म्हणत्या, एक हंगाम थांबलो तर दुसरं कोन घुसल.”

“घुसू दे. त्याचे पंप बंद पडतील तेव्हा कोण दुरुस्त करणार आहे, ते बघून ठेव.”

तो लगेच उलट बोलला. मी त्याचं म्हणणं खोडलं. त्यानं माझं खोडलं. माल कधीच चढून झाला होता, आमचा माणूस पावती घेऊन बाजूला उभा होता, आम्ही दोघंही हातवारे करत होतो. माझा आवाज चढला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मध्येच त्याचा फोन वाजला. मुलीचा होता. तो म्हणाला, “व्हय, निघतोय. व्हय, इचारलं. त्यो बी न्हाईच म्हणतोय, पर दुसऱ्या कारणानं. घरी आल्यावर सांगतो.”

त्यानं फोन ठेवला, पावतीवर सही केली आणि टेम्पोत चढला. मला वाटलं, म्हणेल आता काहीतरी, पुन्हा कधी बसू वगैरे. त्यानं नुसता हात वर केला. टेम्पो एमआयडीसीच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. पहिली पाळी सुटली होती, रस्ता दुचाक्यांनी भरून गेला होता. डोक्यात अजून दोन मुद्दे होते, जे सांगायचे राहून गेले होते.